आठ भट्ट्या आणि एक उणे

"एका वेळी एकाचाच कान पिळावा, मॅडमबाई. दोघांचे पिळले तर ओरडलं कोण, ते कळत नाही."

भट्टीवाले काका हे बोलले तेव्हा त्यांच्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात चमचा, आणि ते कपाच्या कडेवर टण् करून वाजवून उजवा कान पुढे करून ऐकत होते. डावा कान भट्टीच्या पंख्याने तीस वर्षांत खाऊन टाकला होता. तिनं ते वाक्य हसण्यावारी नेलं. नुसतं हसली असती तरी एक वेळ चाललं असतं. ती म्हणाली, "काका, माणसाला नाही कळत. कागदाला कळतं."

हे वाक्य तिला पुढे पुष्कळ दिवस पुरलं. अजून पुरतंय.

कारखाना कपांचा होता. साधे, पांढरे, हॉटेलांत आणि कचेऱ्यांत असतात तसले कप. कप चांगला भाजला जाई, पण त्याचा कान टिकत नसे. शंभर कप भट्टीतून उतरले की सहा-सात कपांचे कान हातात यायचे. कान म्हणजे धरायची कडी. मोठ्या साहेबांना हे सहा-सात दोनवर आणायचे होते आणि वर भट्टीही आतापेक्षा लवकर उतरायला हवी होती. कमी तुटावं आणि लवकर व्हावं, ही मागणी साहेब लोक अशा सुरात करतात की जणू इतकी वर्षं ते मुद्दामच कोणी केलेलं नव्हतं.

ती बाळंतपणाच्या रजेवरून परतून वर्ष झालं होतं. रजेआधी तिच्याकडे एक टेबल, एक कपाट आणि खिडकी होती. परतल्यावर टेबल तेवढं राहिलं होतं. खिडकीत साहेबांचे मेव्हणे बसत. ते भट्टीच्या कामाचे होते, पण भट्टीपाशी गरम होतं म्हणून खिडकीपाशी असत. त्यामुळे हे कानांचं प्रकरण तिच्याकडे आलं तेव्हा तिला ते काम न वाटता खिडकी वाटली. कॉलेजात ती एक गोष्ट मन लावून शिकली होती. पाच गोष्टी बदलून बघायच्या असतील तर एकेक करून वर्षभर बसायचं नाही. सगळ्या एकदम बदलायच्या, पण बेतानं, कोष्टक आखून. कोष्टकात प्रत्येक गोष्टीला दोनच पातळ्या. जे आज चालू आहे त्याला उणे म्हणायचं, जे नवीन करून बघायचं त्याला अधिक. मग मोजके प्रयोग करायचे आणि गणितानं सांगायचं की दोष कोणाचा. हे सगळं तिला इतकं सुंदर वाटे की परीक्षेच्या पेपरात तिनं त्या कोष्टकाला लाल शाईची चौकट काढली होती. परीक्षकांनी त्या चौकटीचा अर्धा गुण कापला. तो शकुन होता हे तिला तेव्हा कळलं नाही.

घरी तिनं ही विद्या आधीच वापरून पाहिली होती. मुलगी दीड वर्षाची. लाडाचं नाव चिमणी. कारखान्यात एक चिमणी, घरात एक चिमणी, आणि दोघींचं तापमान बघण्यात तिचा दिवस जाई. घरातली चिमणी दुपारी झोपत नसे. म्हणून तिनं दूध कोमट की गार, पडदा ओढलेला की उघडा, गाणं आईचं की बाबांचं, असं रीतसर कोष्टक आखून सुट्टीच्या चार दुपारी प्रयोग केले. निष्कर्ष असा निघाला की बाबा गायले की मूल झोपतं. नवरा आठवडाभर त्या जोरावर मिरवला. पाचव्या सुट्टीला तिच्या लक्षात आलं की बाबा फक्त पडदा ओढलेला असतानाच गायले होते. उजेडात त्यांना लाज वाटायची. झोपवत होता तो पडदा. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या शास्त्रात माणसाला कधी श्रेय मिळू द्यायचं नाही असा नियम आहे का?"

यावरून तिनं काही शिकायला हवं होतं. पण माणूस घरात चुकून बाहेर शहाणा होत नाही. घरातलं ते घरातलं म्हणून सोडून देतो.

शेजारीपाजारी सल्ल्यांची वाण नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातच तोडगा काढला. "कान तुटतात तर बिनकानाचे विका. पेले म्हणा. नसलेला कान तुटतो का कधी?" ही युक्ती तिनं हसून सोडली. पुढे साहेबांनी तीच बैठकीत आपली म्हणून मांडली. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांनी कोष्टक चष्म्याजवळ धरून नीट पाहिलं. "पाच गोष्टी एकदम? माझ्या वर्गात पाच पोरं एकदम ओरडली तर मी पाचांनाही उभं करी. न्याय नसेल, पण शांतता होई." मग अधिक-उण्यांच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे उणे गुण कशाला देतेस? शून्य देत जा. शून्य विसरता येतं पोराला, उणे विसरता येत नाही."

"गुण नाहीत हो मास्तर. नुसती खूण आहे."

"खूणच तर राहते," मास्तर म्हणाले, आणि दुधाचं भांडं घ्यायला आत गेले.

कारखान्यात पहिली अडचण भांडारात आली. भांडारपालांकडे मोडतोडीचा एक अर्ज होता आणि तो भरल्याशिवाय प्रयोगाला एक कप मिळत नसे. अर्जात पहिलाच रकाना होता, किती नग मोडतील.

"ते कळायलाच तर प्रयोग आहे," ती म्हणाली.

"मग प्रयोग झाल्यावर अर्ज करा."

"अर्जाशिवाय कप देत नाही म्हणता ना तुम्ही?"

"नाहीच देत."

"मग प्रयोग कशावर करू?"

भांडारपालांनी पेन खाली ठेवलं. माणूस सभ्य होता. "मॅडम, इथं बारा वर्षं बसलोय. अजून कोणी मोडायच्या आधी विचारायला आलं नव्हतं. लोक मोडून येतात. तुम्हीही तसंच का नाही करत?"

शेवटी तिनं 'अंदाजे शंभर' असं लिहिलं. कपाळावर हात मारून घेत त्यांनी 'अंदाजे' खोडलं. प्रयोगांत एकूण किती मोडले ते पुढे येईलच. तिचा अंदाज फक्त आठानं चुकला, आणि या सगळ्या प्रकरणात तिनं बरोबर ओळखलेली तेवढी एकच गोष्ट.

खरी कात्री साहेबांच्या खोलीत लागली. तिला सोळा भट्ट्या हव्या होत्या. रोज एक छोटी भट्टी, सोळा दिवस. बदलायच्या गोष्टी चार. भट्टी हळू चढवायची की जलद, कप एक दिवस वाळवायचे की दोन, कान चिकटवायची मातीची खळ पातळ की घट्ट, आणि कप भट्टीत उभे ठेवायचे की पालथे. साहेबांनी कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, मग पुन्हा कागद.

"निम्मं करा."

"सर, निम्म्यात काही गोष्टी एकमेकींत गुंततात. मग कोणाचा परिणाम कोणावर चढला..."

"आठ. आणि आमच्या मेव्हण्यांनाही घ्या यात. चार भट्ट्या काकांच्या, चार यांच्या. त्यांना शिकायला मिळेल. कुणाच्या हातानं किती तुटतात तेही कळेल. काय म्हणता ते तुमचं, घटक? माणूस हाही घटकच की."

साहेबांच्या मनात तेव्हा काही होतं की नाही, हे ती आजही छातीठोक सांगत नाही. ती एवढंच सांगते की आठांत पाच घटक बसवता येतात. पुस्तकात तशी सोय आहे. फक्त त्या सोयीखाली बारीक अक्षरात एक सूचना असते, की पाचवा घटक कुठल्यातरी दोघांच्या जोडीत गुंतेल आणि गुंतला की वेगळा दिसणार नाही. तिला हे माहीत होतं. आठांवर भांडायचं तर बैठक पाचच्या पुढे जाणार होती आणि पाळणाघर साडेपाचला बंद होतं. ती "चालेल सर" म्हणाली. पाच वाजायला सात मिनिटं होती. पाळणाघरात चिमणी तिच्याकडे झेपावली तेव्हा तिला वाटलं, आपण आज वेळेचं नियोजन उत्तम केलं.

प्रयोग ओळीनं करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा, म्हणजे हवा, ओल, सोमवारचा कंटाळा असल्या गोष्टी कुणा एकाच्या डोक्यावर बसत नाहीत, असं शास्त्र आहे. तिनं रिकाम्या डब्यात आठ चिठ्ठ्या टाकल्या आणि हिशेबनीसबाईंकडून एकेक काढून घेतली. क्रम निघाला पाच, दोन, आठ, एक, सात, चार, तीन, सहा. तो टंकलेखिकाबाईंकडे गेला. दुपारी छापून आला तो एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

"अहो, हा क्रम बदलला कुणी?"

"बदलला नाही, लावून दिला," टंकलेखिकाबाई म्हणाल्या. "घाईत उलटसुलट लिहिलं होतंत तुम्ही. मलाही दोन मुलं आहेत, समजू शकते मी."

तिनं पुन्हा छापून घेतलं. या खेपेला उलटसुलट क्रम बरोबर आला, पण पानाला चौकट काढायची म्हणून तळटीप मागच्या पानावर गेली. 'पाचवा घटक (माणूस) हा वेग आणि वाळवण यांच्या जोडीत गुंतलेला आहे, तेव्हा त्याचा परिणाम स्वतंत्र धरू नये.' एवढं वाक्य. चौकट मात्र सुरेख होती. चौकटींचं आणि तिचं जुनं वैर.

मग साहेबांनी पारदर्शकता म्हणून ते कोष्टक सूचनाफलकावर लावायला सांगितलं.

भट्टीपाशी वाचन चालतं ते बोटानं. काकांनी आपल्या नावाचा रकाना शोधला. कोष्टकात घटकांच्या पातळ्या लिहिल्या होत्या. माणूस, उणे : काका. माणूस, अधिक : मेव्हणे. नियमच तसा होता. आज जे चालू आहे ते उणे, नवीन ते अधिक. हळू भट्टी उणे, जलद अधिक. एक दिवस वाळवण उणे, दोन दिवस अधिक. पातळ खळ काही रडत आली नाही की मला उणे का म्हणून. काका आले.

ते रडत वगैरे नव्हते. तिच्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी टोपी काढली, जी ते साहेबांपुढेही काढत नसत.

"मॅडमबाई, तीस वर्षं उभा आहे भट्टीपाशी. उणं कुठं राहिलं तेवढं सांगा. सुधारतो."

"काका, ती नुसती खूण आहे. गणितातली. वाईट असा अर्थच नाही तिचा."

"नुसती खूण?"

"नुसती."

"मग मला अधिक द्या आणि पाहुण्यांना उणे. नुसतीच खूण आहे तर."

तिनं फलकाकडे पाहिलं. कोष्टकाखाली साहेबांची सही होती, भांडाराची सही होती, गोल शिक्का होता. पुन्हा छापायचं म्हणजे पुन्हा टंकलेखिकाबाई, पुन्हा चौकट, पुन्हा शिक्का. शिवाय नियम तो नियम. आजचं ते उणे.

"काका, आता सही झालीय," ती म्हणाली. "आणि खरंच सांगते, काही फरक पडत नाही."

काकांनी टोपी घातली. "बरं," म्हणाले. जाताना वळून म्हणाले, "छोटीसाठी एक कप केलाय. दोन कानांचा. लहान पोरांना एक कान पुरत नाही, दोन्ही हातांनी धरतात. भट्टी लागली की देतो."

फरक पडत होता. किती, ते तिनं त्याच संध्याकाळी, चिमणीला आंघोळ घालताना मनातल्या मनात करून पाहिलं आणि हातातला तांब्या तसाच राहिला. आठ भट्ट्यांत कोणाला काय मिळणार ते त्या उणे-अधिकानेच ठरलेलं होतं. ज्याला उणे, त्याच्या वाट्याला वेग आणि वाळवण यांची विजोड जोडी. एक जुनं तर दुसरं नवं. ज्याला अधिक, त्याच्या वाट्याला सजोड. दोन्ही जुनी किंवा दोन्ही नवी. म्हणजे ओले कप आणि जलद भट्टी, हे सगळ्यांत वाईट जोडपं आठांत दोनदा येणार होतं आणि दोन्ही वेळा काकांच्या हाती. आणि काकांची स्वतःची तीस वर्षांची रीत, एक दिवस वाळवण आणि हळू भट्टी, ती दोन्ही वेळा मेव्हण्यांच्या हाती. काकांनी मागितली होती ती अदलाबदल केली असती तर उलट झालं असतं.

"काय गं, साबण गेला का डोळ्यात?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही, तळटीप आहे," ती म्हणाली. "तळटिपेत लिहिलंय मी सगळं."

तळटिपेवर माणसानं किती भरवसा ठेवावा याला काही शास्त्र नाही.

आठ भट्ट्या लागल्या. तिनं प्रत्येक भट्टीतले शंभर कप स्वतः मोजले, कान ओढून पाहिले, वहीत लिहिले. मेव्हणे आपल्या चारही दिवशी रुमाल बांधून आले आणि काय फिरवायचं ते काकांनाच विचारून फिरवून खिडकीपाशी जाऊन बसले. काकांनी सांगताना हातचं राखलं नाही. आपल्या दिवशी मात्र कोष्टकात लिहिलंय तसं ओल्या कपांवर जलद भट्टी चढवताना त्यांनी तिला एकदा विचारलं, "असंच करायचं? हे तडकणार."

"प्रयोग आहे ना काका. तडकले तरच कळेल."

"मला कळलंय की आधीच."

"कागदाला कळायला हवं."

कागदाला कळलं. ओल्या कपांच्या त्या दोन जलद भट्ट्यांत एकतीस आणि चौतीस कान तुटले. बाकीच्या सहांत दोनपासून सातपर्यंत. सगळ्यांत उत्तम निघाली ती दोन दिवस वाळवून जलद चढवलेली भट्टी. एकीत दोन, दुसरीत तीन. साहेबांना हवं ते सगळं मिळालं होतं, कमीही आणि लवकरही. भट्टी जमली होती. ती वही घेऊन कॉरिडॉरमधून जवळजवळ उड्या मारत गेली, आणि हे आठवलं की तिला अजून कानांच्या पाळ्या गरम झालेल्या जाणवतात.

बैठक मंगळवारी चारला. पाच पानं पडद्यावर दाखवायची होती. चौथ्या पानावर प्रत्येक घटकाचा खांब. वेगाचा उंच, वाळवणीचा उंच, खळीचा बुटका, उभे-पालथ्याचा नाहीच म्हणावा असा. आणि माणसाचा उंच. काकांच्या चार भट्ट्यांत चौऱ्याहत्तर कान, मेव्हण्यांच्या चारांत अठरा. पाचव्या पानावर ती सगळं उलगडून सांगणार होती. पाचवं पान तिनं स्वतः छापलं होतं, बिनचौकटीचं.

चौथ्या पानावर असताना फोन वाजला. पाळणाघरवाल्या मावशी. "चिमणीचं अंग चटका लागेल इतकं तापलंय. डोळे फिरवल्यासारखे करतेय. या लवकर."

ती उठली. कोणत्याही आईनं जे केलं असतं ते तिनं केलं. दारातून मागे वळून एवढंच म्हणाली, "सर, पाचवं पान नक्की बघा. माणसाचा खांब खरा नाहीये." मागून साहेबांचा आवाज आला, "हो हो, जा तुम्ही, मूल महत्त्वाचं." तिला तेव्हा वाटलं की किती समजूतदार माणूस आहे.

चिमणीचा कान दुखत होता. डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "कानात संसर्ग आहे. चार दिवस औषध. घाबरण्यासारखं नाही." औषधाच्या बाटलीवर कानाचं चित्र होतं. नशीब जेव्हा विनोद करतं तेव्हा इतक्या खालच्या पातळीवर उतरतं की सांगायलाही संकोच वाटतो.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. भट्टीपाशी मेव्हणे होते. रुमाल नव्हता, आता गणवेश होता.

"काका कुठायत?"

"त्यांना विश्रांती दिली. मानानं, हं. हार घातला, भाषण झालं. तुमचा उल्लेख केला साहेबांनी दोनदा. शास्त्रीय आधार म्हणाले."

ती साहेबांच्या खोलीत गेली. आत गेल्यावर आपण काय बोललो ते तिला नीट आठवत नाही, पण बोटांनी टेबलावर ती चार घरं काढून दाखवत होती हे आठवतं. ओले-जलद, ओले-हळू, सुके-जलद, सुके-हळू. आणि ओले-जलद हे घर दोन्ही वेळा काकांचं. कारण कोष्टक तसं होतं. कारण भट्ट्या आठच होत्या. काकांच्या जागी साक्षात यंत्र असतं तरी तेवढेच कान तुटले असते.

"पण खांब तर तुम्हीच काढलात," साहेब म्हणाले.

"पाचव्या पानावर..."

"पाचवं पान कुणी दाखवलं नाही. वेळही झाली होती. आणि मॅडम, तळटीप वाचून कुणी कारखाना चालवतं का? शिवाय त्यांचं वय झालंच होतं. ऐकू येत नाही एका कानानं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं काम छान झालंय." मग जरा पुढे वाकून, आतल्या गोटातलं सांगावं तसं म्हणाले, "खिडकीची जागाही आता मोकळी आहे."

ती खिडकीत बसली. हे ती लपवत नाही. नोकरी हवी होती. खिडकीतून भट्टीची चिमणी दिसे.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. वाळवणीच्या मांडण्या कमी म्हणून कप एकच दिवस वाळले, भट्टी मात्र नव्या शोधाप्रमाणे जलद. पहिल्याच आठवड्यात शंभरात अडतीस कान. या वेळी भट्टीपाशी मेव्हणे होते. पुन्हा प्रयोग मांडायचीही गरज नव्हती, प्रयोग आपल्या पायानं चालत आला होता. तिनं कागद नेऊन साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो नीट वाचला, या खेपेला खालपर्यंत.

"म्हणजे माणूस नव्हता तर."

"नव्हता सर. काकांना परत बोलवा."

साहेब खरोखर विचारात पडले. त्यांनी कार्यालय अधीक्षकांना बोलावलं. अधीक्षकांनी फायली चाळल्या. विश्रांती देण्याच्या पत्राचा नमुना होता. विश्रांती मागे घेण्याच्या पत्राचा नमुना नव्हता. "कधी लागला नाही सर आजवर," ते म्हणाले. "नवीन नमुना करायचा तर वरून मंजुरी हवी." नमुना वर गेला. अजून वरच आहे. मधल्या काळात मांडण्या वाढवल्या, कप दोन दिवस वाळू लागले, तुटणं दोनवर आलं, आणि वार्षिक समारंभात तिला उत्कृष्ट सुधारणेचं बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे कारखान्याचाच एक मोठा कप, सोनेरी काठाचा, तिचं नाव घातलेला. टाळ्या वाजत असताना तिनं तो कानाला धरून उचलला आणि कान हातात आला. टाळ्या थांबल्या नाहीत. मागच्या रांगांना दिसलं नसावं.

काकांचं घर पाळणाघराच्या वाटेवरच आहे. ती पहिल्यांदा गेली तेव्हा दार बंद, आणि उंबऱ्याबाहेर त्यांच्या वहाणा. तिनं कडी वाजवली, हाक मारली. कुणी आलं नाही. तिनं स्वतःची समजूत घातली की डावा कान. दुसऱ्यांदा बक्षिसाआधी गेली. तेव्हा दार उघडलं नाही, पण खिडकीतून एक हात आला आणि खिडकीच्या कठड्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवून आत गेला. दोन कानांचा कप होता. आत चिठ्ठी नाही, काही नाही. तळाशी मात्र ओल्या मातीत खिळ्यानं कोरून मग भाजलेली एक खूण होती. अधिक.

ती खूण चिमणीसाठी आहे की आपल्यासाठी आहे की आपल्याला टोमणा आहे, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. दोघांचे कान पिळले की ओरडलं कोण ते कळत नाही म्हणतात, त्यातलंच काहीतरी. चिमणी त्या कपातून दूध पिते, दोन्ही हातांनी धरून. दोनदा फरशीवर पडला. कान शाबूत आहेत.

तिसऱ्यांदा जायचं धैर्य तिला झालेलं नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ ती त्याच गल्लीतून जाते, आणि बघायची सवय आईपणानं लागते ती सुटत नाही. काका एकटेच राहतात. चहा झाला की कप धुऊन खिडकीच्या कठड्यावर पालथा घालतात. इतके महिने तो कप तिथं सकाळीही दिसे आणि संध्याकाळीही, आणि तो दिसला की ती पाय उचलायची. शनिवारी कप दिसला नाही. तिला वाटलं, आपलीच वेळ चुकली. रविवारी ती मुद्दाम दोनदा गेली. आज मंगळवार आहे. कठड्यावर कपाच्या बुडाचा गोल डाग आहे, कप नाही. वहाणा दारातच आहेत.

ही सगळी कहाणी ती सांगते आहे ती एवढ्यासाठी. तुम्ही कुणी त्या बाजूला असाल तर जाऊन या. कारखान्याच्या चिमणीकडे पाठ केली की डाव्या हाताची दुसरी गल्ली, तिसरं दार. तिनं वाजवलेलं दार उघडत नाही, तुमचं उघडेल. तिचं नाव काढू नका. कडी वाजवून उपयोग नाही, ऐकू जायचं नाही. एक कप घेऊन जा आणि खिडकीजवळ उभं राहून कडेवर चमचा मारा, टण् करून, जरा थांबून पुन्हा एकदा. तो आवाज त्यांना ऐकू येतो.